रिसीव्हर टीव्हीकडे बघून नाही, छत्रीकडे बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा ४३ इंची फुल एचडी टीव्ही आणला, गच्चीवरच्या जुन्या छत्रीला आणि जुन्या रिसीव्हरला (म्हणजे सेट-टॉप बॉक्सला) लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला, आणि चित्र जुन्या काचेच्या टीव्हीपेक्षा वाईट दिसायला लागलं. आता एचडी रिसीव्हर घ्यायचाय. दुकानात 'घेताय तर फोरकेच घ्या' म्हणतात, घरच्यांना रेकॉर्डिंग हवंय, खर्च मात्र बेताचा करायचाय. मग नेमकं कुठलं मॉडेल घ्यावं?

मॉडेलचं नाव मी देणार नाही. ही टाळाटाळ नव्हे. एकच बॉक्स एका घरात वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि शेजारच्या घरात त्याच्यावर हवं ते चॅनल उघडतच नाही, हे मी गेली वीसेक वर्षं छत्र्या बसवताना आणि बॉक्स दुरुस्त करताना बघत आलोय. पुढच्या तीन-चार गोष्टी तुम्हाला तुमच्या घरच्या माहीत झाल्या, की दुकानात मॉडेल निवडायला पाच मिनिटं पुरतात.

आधी चित्र वाईट का दिसतंय ते बघू, कारण निम्मा प्रश्न तिथेच आहे. साध्या एसडी चित्रात ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. तुमच्या नव्या पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके आहेत. पाचातला एक ठिपका आकाशातून आलेला, उरलेले चार टीव्हीने अंदाजाने भरलेले. जुना काचेचा टीव्ही लहान होता आणि त्याचं चित्र मुळातच जरा मऊ असायचं, त्यात सगळे दोष झाकून जायचे. नवा पडदा काहीच झाकत नाही. त्यावर तुम्ही लाल-पांढरी-पिवळी वायर लावलीय. त्यातल्या एकट्या पिवळ्या वायरीतून अख्खं चित्र जातं, उजेड आणि रंग एकमेकांत मिसळून, तेही अॅनालॉग रूपात. आकाशातून डिजिटल आलेलं चित्र बॉक्स अॅनालॉग करतो आणि टीव्ही ते परत डिजिटल करतो. या ये-जा करण्यात कडा फाटतात, लाल रंग पसरतो.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी जुन्या बॉक्सच्या मागे वाकून बघा. एचडीएमआयचं चपटं भोक असेल तर आजच तिथून वायर लावून बघा, आणि बॉक्सच्या मेनूत जाऊन व्हिडिओ आउटपुट किती आहे तेही तपासा. एका घरी मला 'टीव्हीचा पॅनल खराब झालाय' म्हणून बोलावलं होतं. एचडीएमआय वायर होती, बॉक्स एचडी होता, चॅनलही एचडी लागलेलं होतं. फक्त बॉक्सचं आउटपुट पहिल्या दिवसापासून ५७६आयवर होतं. दोन वर्षं त्या घराने एचडीचे पैसे भरून एसडी बघितलं होतं. मेनूतली एक ओळ बदलली आणि मी पाना न काढताच परत आलो.

तुमच्या बॉक्सला एचडीएमआय नसेल तर तो एसडीच आहे, बदलावा लागेल. पण एक अपेक्षा आत्ताच खाली ठेवा: जी चॅनल आकाशातूनच एसडी येतात ती सगळ्यात महागड्या रिसीव्हरवरही एसडीच दिसणार. वायर बदलल्याने थोडी स्वच्छ होतील, इतकंच.

आता खऱ्या निवडीकडे. बहुतेक लोक टीव्हीकडून सुरुवात करतात: टीव्ही एचडी आहे, मग त्याला शोभेल असा बॉक्स हवा. मी उलटीकडून जातो. टीव्हीला काय, एचडीएमआयमधून येईल ते तो दाखवतो. खरी अडचण वरच्या बाजूला असते: छत्री कुठल्या उपग्रहाकडे बघतेय, त्यावरची तुम्हाला हवी असलेली चॅनल मोकळी आहेत की कुलूपबंद, आणि ती कुठल्या पद्धतीने पाठवली जातात. रिसीव्हर या तिघांना जुळला पाहिजे.

यातला पहिला विचार कुलपाचा. तुम्ही पैसे भरून एखाद्या कंपनीची चॅनल बघत असाल, तर निवड जवळजवळ तुमच्या हातात नाहीच. बहुतेक कंपन्यांचं कार्ड त्यांच्याच बॉक्सशी जोडलेलं असतं. बाजारातला कितीही चांगला रिसीव्हर आणा, त्यात ते कार्ड चालणार नाही. तिथे त्या कंपनीकडेच एचडी बॉक्स मागायचा आणि प्रश्न मिटवायचा. काही ठिकाणी कंपनी स्वतःचं मॉड्यूल देते, जे रिसीव्हरच्या किंवा टीव्हीच्या सीआय खाचेत बसतं आणि कार्ड त्यात जातं. तसं असेल तर खाच साधी सीआय आहे की सीआय प्लस, हे कंपनीला विचारूनच बॉक्स घ्या. सीआय प्लसमध्ये कंपनीला रेकॉर्डिंगवर मर्यादा घालता येतात, हेही ध्यानात असू द्या. घरच्यांना रेकॉर्डिंग हवंय ना, म्हणून सांगतो.

मोकळी, म्हणजे फ्री टू एअर चॅनलच बघत असाल तर मात्र मैदान तुमचं आहे. कुठलाही चांगला रिसीव्हर चालेल.

जाता जाता एक. दुकानात एखादा बॉक्स 'वर्षभर सगळं उघडं' असं सांगून विकायला ठेवलेला असतो. कुणाच्या तरी एका कार्डाची किल्ली इंटरनेटवरून शेकडो घरांत वाटायचा तो प्रकार आहे. चोरी आहे हे तर झालंच, पण तो टिकतही नाही. कंपनीने पद्धत बदलली की बॉक्स आंधळा होतो, आणि विकणारा फोन उचलत नाही. असे बंद पडलेले बॉक्स माझ्या कपाटात ढिगाने आहेत.

पुढचा मुद्दा बरेच जण विसरतात. नव्या टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर, म्हणजे छत्रीच्या सिग्नलमधून हवं ते चॅनल पकडणारा भाग, असू शकतो. टीव्हीच्या मागे स्क्रूसारखे आटे असलेली एफ कनेक्टरची जागा आहे का बघा, आणि माहितीपत्रकात 'एस२' लिहिलंय का शोधा. टी२ आणि सी लिहिलेलं असेल तर ते जमिनीवरच्या अँटेनाचं आणि केबलचं झालं, छत्रीचं नव्हे. एकाच मालिकेतल्या टीव्हींपैकी एका देशात विकल्या जाणाऱ्यात हा ट्यूनर असतो आणि दुसऱ्या देशातल्यात नसतो, म्हणून परीक्षणं वाचून विश्वास ठेवू नका, आपल्याच टीव्हीची पाठ बघा. ट्यूनर निघाला आणि चॅनल मोकळी असतील, तर रिसीव्हर न घेता महिनाभर तसंच चालवून बघा, असं मी सांगतो. चित्र उत्तम येतं, एक रिमोट कमी होतो. टीव्हीतल्या ट्यूनरची दुखणी वेगळी आहेत: चॅनलची यादी लावणं जिकिरीचं असतं, नवीन ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, ज्यावरून बरीच चॅनल एकत्र येतात) हाताने भरायची सोय कधीकधी नसते, आणि चॅनल बदलायला तो वेळ घेतो. शेकडो चॅनल असलेल्या उपग्रहावर हे रोज बोचतं. वीस-पंचवीस चॅनल बघणाऱ्याला बोचत नाही.

रिसीव्हर घ्यायचाच असं ठरलं तर त्याच्या खोक्यावर दोन गोष्टी पक्क्या हव्यात: डीव्हीबी-एस२ आणि एच.२६४. पहिली सिग्नल कसा पाठवलाय याबद्दल, दुसरी चित्र कसं दाबून बसवलंय याबद्दल. लोक यांची गल्लत करतात. जुनी डीव्हीबी-एस पद्धत १९९०च्या दशकातली. एस२ हे तिचं पुढचं मानक, २००५ सालचं. तेवढ्याच जागेत साधारण ३० टक्के जास्त माहिती नेतं. एच.२६४ आलं २००३ मध्ये आणि चित्र दाबायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीपेक्षा निम्म्याच्या आसपास जागेत तेवढंच चित्र मावू लागलं. बहुतेक एचडी चॅनल या दोन्हींचा वापर करतात, पण एसडी चॅनलही एस२वर असू शकतं आणि एचडी चॅनल जुन्या एसवरही. म्हणूनच 'माझा बॉक्स एचडी नाही पण निम्मी एसडी चॅनलही का येत नाहीत' असं कुणी विचारलं तर उत्तर बहुधा इथेच सापडतं.

आता जिथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात त्या जागी थोडं थांबतो. नवा बॉक्स लावल्यावर एसडी चॅनल झकास आणि एचडी मात्र चौकोन-चौकोन होऊन तुटतंय, ही तक्रार मी शेकड्याने ऐकलीय. लोक बॉक्स परत करतात, दुसरा आणतात, तोही तसाच. दोष बॉक्सचा नसतो.

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. जुन्या पद्धतीत, क्यूपीएसकेमध्ये, सिग्नलचा काटा चारच जागांपैकी एका जागी असतो, दोन जागांमध्ये ९० अंशांचं अंतर. गोंगाटामुळे, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेल्या नको त्या लहरींमुळे, काटा थोडा थरथरला तरी कुठल्या जागेकडे बोट दाखवतोय ते बॉक्सला कळतं. एचडीसाठी बरेचदा वापरतात त्या ८पीएसकेमध्ये त्याच तबकडीवर आठ जागा असतात, अंतर ४५ अंश. तेवढाच थरथराट इथे चूक घडवतो. आकड्यात सांगायचं तर एस२मध्ये तीन-चतुर्थांश एफईसी असताना (म्हणजे चारातले तीन भाग खरी माहिती, एक भाग चुका सुधारण्यासाठी) क्यूपीएसकेला गोंगाटाच्या वर साधारण ४ डीबी (डेसिबल) सिग्नल पुरतो, ८पीएसकेला ८ डीबी लागतो. तुमची जुनी छत्री वर्षानुवर्षं वाऱ्याने थोडी सरकली असेल, एसडीला काही फरक पडला नसेल, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नसेल. एचडी लावल्यावर ती सरकलेली छत्री उघडी पडते.

सरकणं म्हणजे किती? उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. ९० सेंटीमीटरच्या छत्रीचं तोंड एका अंशाने हललं तर केयू बँडमध्ये, म्हणजे अशा छत्र्यांच्या नेहमीच्या फ्रीक्वेन्सी पट्ट्यात, सुमारे ३ डीबी जातात, म्हणजे सिग्नलची निम्मी ताकद. गंमत अशी की छत्री जितकी मोठी तितकी ती हलण्याला जास्त नाजूक. ६० सेंटीमीटरची छत्री तेवढ्याच अंशात याच्या निम्मे डीबीही गमावत नाही. पाऊसही इथेच गाठतो. केयू बँडचे साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचे सिग्नल पावसाचे थेंब शोषून घेतात. कोरड्या दिवशी हाताशी शिल्लक नसेल तर पहिल्या सरीलाच एचडी जातं आणि एसडी टिकतं.

म्हणून बॉक्स घ्यायच्या आधी छत्री तपासून घ्या. मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीच्या पट्टीला भुलू नका, ती गोंगाटही मोजते. छत्री गुणवत्तेच्या पट्टीवर जुळवायची. दोन वेगवेगळ्या बॉक्सांवरचे टक्के मात्र एकमेकांशी ताडू नका, प्रत्येक कंपनी आपल्या मनाची पट्टी छापते. मग छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीपर्यंत जाऊन कनेक्टर उघडून बघा. तांब्याची तार हिरवट-काळी पडली असेल तर पाणी गेलंय. टोक कापा, नवा कनेक्टर लावा, वर रबरी टेप गुंडाळा. केबल साधी आरजी-६ चालते, पण फार लांब ओढू नका. १०० मीटरला वरच्या फ्रीक्वेन्सीवर ३० डीबीच्या आसपास खाते, म्हणजे २०-२५ मीटरपर्यंत निर्धास्त.

आणि 'एचडी छत्री' किंवा 'एचडी एलएनबी' असं काही नसतं. पत्र्याला एसडी-एचडी कळत नाही. एलएनबी आलेली फ्रीक्वेन्सी खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो आणि केबलमधून पाठवतो, त्यात काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुना झिजला असेल तर बदला, एचडीसाठी म्हणून बदलू नका.

इथवरचं एका दमात: चॅनल कुलूपबंद असतील तर कंपनीचा बॉक्स, मोकळी असतील तर आधी टीव्हीतला ट्यूनर, आणि तो नसला किंवा पुरला नाही तर एस२ व एच.२६४ असलेला रिसीव्हर. दोन्ही बाबतीत छत्री आधी नीट.

रेकॉर्डिंगचं आता. खोक्यावर 'पीव्हीआर' किंवा 'यूएसबी रेकॉर्डिंग' लिहिलेलं असतं, पण खरा प्रश्न ट्यूनर किती हा आहे. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन दिशांत (ध्रुवीकरणांत) येतात, आणि साध्या एलएनबीला त्यातली एकच एका वेळी निवडता येते. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून ते सांगतो, आणि युनिव्हर्सल एलएनबीत फ्रीक्वेन्सीचा वरचा पट्टा हवा असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर देऊन. म्हणजे एका ट्यूनरवर एक चॅनल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघायचं असेल, तर ते त्याच ट्रान्सपाँडरवरचं असावं लागतं. घरात याच्यावरून भांडणं होतात, थट्टा नाही. दोन स्वतंत्र चॅनल हवी असतील तर दोन ट्यूनरचा बॉक्स, दोन तोंडांचा एलएनबी आणि छत्रीपासून दोन केबली लागतात. दुसरी केबल ओढणं अशक्य असेल तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी एकाच केबलवरून दोन्ही ट्यूनर चालवतो, पण बॉक्सलाही युनिकेबल समजायला हवी.

रेकॉर्डिंगला जागा किती? सेकंदाला ८ मेगाबिटच्या एचडी चॅनलचा एक तास म्हणजे ३.६ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर नऊ तासही बसत नाहीत. फॅट३२ने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे काही बॉक्स सिनेमाचे तुकडे करतात आणि काही मध्येच थांबतात. हार्डडिस्क लावणार असाल तर तिला वेगळा वीजपुरवठा द्या. यूएसबी २.०च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळतात, डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागते, आणि मग 'रेकॉर्डिंग अर्धवट झालं' म्हणून बिचाऱ्या बॉक्सला शिव्या पडतात. बरेच बॉक्स रेकॉर्डिंग आपल्याच कुलपात ठेवतात, बॉक्स बदलला की जुनं काही उघडत नाही. आजीच्या आवडीचा कार्यक्रम वर्षानुवर्षं जपायचा बेत असेल तर हे आधीच विचारा.

दुकानदाराच्या फोरकेबद्दल. तुमच्या पडद्यावर फोरकेचा फायदा दिसणार नाही. बॉक्स ते चित्र खाली उतरवूनच दाखवेल. पण तो अगदीच फसवतोय असंही नाही. फोरके बॉक्समध्ये एचईव्हीसी हे एच.२६४च्या पुढचं, २०१३चं मानक असतं, आणि पुढेमागे एखादं एचडी चॅनल त्याच्यावर गेलं तर एच.२६४चा बॉक्स काळा पडदा दाखवेल. म्हणून मी असं करतो: तुमच्या उपग्रहावर आजच एचईव्हीसीची मोकळी चॅनल असतील, किंवा दोन बॉक्सांच्या किमतीत फारसा फरक नसेल, तर एचईव्हीसीवाला घ्या. नसेल तर वाचलेले पैसे छत्री, कनेक्टर आणि चांगल्या केबलीवर घाला, चित्रात त्याचा फरक जास्त दिसेल.

बाकी बारीकसारीक. एचडीएमआयची सोनेरी, महागडी वायर घेऊ नका; दोन मीटरच्या आतली साधी हायस्पीड वायर १०८०साठी पुरते, महागड्या वायरीने चित्र जास्त चांगलं होत नाही. टीव्ही भिंतीला आणि बॉक्स त्याच्यामागे दडवणार असाल तर रिमोटचा डोळा वायरीने बाहेर आणायची सोय असलेला बॉक्स बघा, नाहीतर रोज मान वाकडी करून रिमोट मारावा लागेल. बऱ्याच एचडी चॅनलचं प्रक्षेपण १०८०आय असतं, म्हणजे ओळी एक-आड-एक येतात आणि कुणालातरी त्या जुळवाव्या लागतात. बॉक्सचं आउटपुट एकदा १०८०आय आणि एकदा १०८०पी (ओळी बॉक्समध्येच जुळवलेल्या) ठेवून खेळाच्या सामन्यात धावणाऱ्या माणसाच्या कडा बघा. बहुधा टीव्ही हे काम स्वस्त बॉक्सपेक्षा चांगलं करतो. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा, नाहीतर चारही बाजूंनी थोडं चित्र कापलं जातं आणि उरलेलं ताणून मऊ होतं.

बॉक्स घेताना परत करायची मुदत विचारून घ्या आणि त्या मुदतीत एक तरी पावसाळी किंवा दाट ढगांची संध्याकाळ येऊ द्या. त्या संध्याकाळी तुमच्या उपग्रहावरचं सगळ्यात कमजोर एचडी चॅनल लावा आणि तासभर रेकॉर्ड करा. ते तुटलं तर बॉक्स परत करायला धावू नका, शिडी घेऊन आधी गच्चीवर जा.